चराईबंदीचा ठराव आणि त्यागाचा हिशेब

तुमचा प्रश्न मला असा कळला. तुमच्या गावात यंदा पाणलोटाचं, म्हणजे डोंगर-शिवारातलं पावसाचं पाणी अडवून जिरवायचं काम सुरू व्हायचं आहे. त्याआधी डोंगरावर आणि गायरानात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येतोय. शेळ्या पाळणारी घरं विरोधात उभी आहेत. गावातली जाणती मंडळी त्यांना सांगताहेत की टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, त्याग केल्याशिवाय कुठलंच गाव पुढे गेलं नाही. आणि तुम्ही, ग्रामपंचायतीत नव्यानं निवडून आलेले सदस्य, विचारताय की हे खरंच असं आहे का. कुणी काहीच न सोडता गावाची प्रगती होऊ शकत नाही का?

नगर, पुणे, सातारा, सोलापूर या अवर्षणप्रवण पट्ट्यात पाणलोटाच्या कामावर माझी उमर गेली. त्या अनुभवावरून सांगतो. काहीतरी सोडल्याशिवाय उभं राहिलेलं कोरडवाहू गाव मी पाहिलेलं नाही. तेवढ्यापुरती जाणती मंडळी बरोबर आहेत. पण काम नुसतं उभं न राहता पुढे टिकलंही, अशा गावांत ज्यांच्याकडे जास्त होतं त्यांनी जास्त सोडलं, आणि ज्यांच्याकडे कमी होतं त्यांना सोडलेल्याचा मोबदला आधी मिळाला. जिथे हे उलटं झालं तिथे योजनेचा फलक गंजायच्या आत डोंगर पुन्हा उघडा पडला. तेव्हा त्याग हवा की नको, एवढ्यावर तुमची ग्रामसभा थांबली तर खरा मुद्दा हातातून निसटेल. कोण काय सोडतंय, किती वर्षांसाठी, आणि त्याचं फळ कुणाच्या नावावर जमा होतंय, हे त्या सभेत बोललं गेलं पाहिजे.

आधी सोडावं का लागतं ते नीट समजून घ्या, म्हणजे शेळ्यावाल्या घरांशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी ठोस असेल.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. वर्षाला 400 मिलिमीटर पाऊस असलेल्या गावात हेक्टरी 40 लाख लिटर आभाळातून येतं. त्यातलं बरंच उन्हानं उडतं, बरंच ओढ्याला लागून गावाबाहेर जातं, पिकानं आणि गवतानं घेतलेलं वेगळंच, आणि उरलेलं मुरतं. आता ऊस घ्या. हेक्टरभर उसाला त्याच्या पुऱ्या मुदतीत साधारण 2 कोटी लिटरच्या घरात पाणी लागतं. म्हणजे पाच हेक्टरांवर पडलेला सगळाच्या सगळा पाऊस, एक थेंबही न उडता न वाहता, एका हेक्टर उसाला द्यायचा. गावातल्या मोजक्या खातेदारांनी ऊस लावला की बाकीच्यांच्या ज्वारी-हरभऱ्याचं पाणी त्यात जातं. हे कुणाच्या वाईटपणामुळे होत नाही. विहीर आपल्या बांधात असली की तिचं पाणीही आपलंच, असं प्रत्येकाला मनापासून वाटतं.

जमिनीच्या पोटात मात्र बांध नसतात. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. त्याच्या वरचा मुरमाचा, झिजलेल्या खडकाचा थर पाणी धरतो, आणि गावच्या विहिरी त्याच थरावर जगतात. एखाद्यानं तीन-चारशे फुटांचं बोअर मारलं की वरच्या थरातलं पाणी त्या छिद्रावाटे खालच्या भेगांत उतरतं. शेजाऱ्याची पन्नास फुटी विहीर उन्हाळ्याच्या तोंडाला कोरडी पडते, मग तोही बोअर मारतो, पहिल्यापेक्षा खोल. राज्याच्या 2009 च्या भूजल अधिनियमात शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे, पण रात्री शिवारात उभी राहणारी बोअरची गाडी कायद्याला दिसत नाही. ती थांबवायची तर गावालाच थांबवावी लागते.

डोंगराचंही असंच आहे. उताराची माती उघडी असली की पहिल्या वळवात ती सुटते. गुराशेळ्यांच्या पायवाटा असतात, त्या वाटांनी पाणी धावतं, वाटेची घळ होते. ए-फ्रेम, म्हणजे समपातळी मोजायची लाकडी चौकट, घेऊन कितीही काळजीनं आखणी केली आणि सलग समपातळी चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीत जाणारे चर, खोदले, तरी वर गवत नसेल तर ते चर दोन-तीन पावसाळ्यांत गाळानं भरतात. मग लोक म्हणतात काम निकृष्ट झालं. काम बरेचदा चांगलंच असतं, वरचा डोंगर मोकाट असतो. माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमानं उतरत काम करायचं असं आम्ही सांगतो त्याचं कारणही हेच. वरची माती धरली नाही तर खालचा सिमेंट बंधारा काही वर्षांत गाळाची पेटी होतो. म्हणून चराईबंदी लागतेच. तिच्याशिवाय काम करता येईल असं तुम्हाला कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आता तो डोंगर रोज कोण वापरतं ते बघा. पायथ्याला पाच एकर बागायत असलेला माणूस डोंगरावर वर्षातून एखाद्या वेळी जातो, तोही वरच्या देवाच्या यात्रेला. रोज जातात शेळ्यावाल्या बाया, सरपण आणणाऱ्या बाया, मेंढरांचा कळप असलेली धनगर कुटुंबं. ठराव झाला की दुसऱ्या दिवसापासून यांचं नुकसान सुरू होतं. आणि माथ्यावर मुरलेलं पाणी येतं कुठे? पायथ्याच्या विहिरींत, म्हणजे काळ्या जमिनीच्या मालकांच्या विहिरींत. ज्यांनी डोंगर सोडला त्यांच्यातल्या निम्म्याअधिक घरांना विहीर नसते, काहींना तर गुंठाभरही जमीन नसते. त्यांच्यापुढे त्यागाचं भाषण करणारा माणूस मनानं कितीही स्वच्छ असला, तरी त्या भाषणातून सगळ्यांत आधी त्याचाच फायदा होणार असतो. ऐकणाऱ्यांना हे लगेच कळतं. सभ्यतेपोटी ते बोलत नाहीत, एवढंच.

एका गावात मात्र एक बाई बोलली. सभा मारुतीच्या देवळापुढे भरली होती. पारावर पुढारी, खाली सतरंजीवर खातेदार, आणि बाया मागे भिंतीला धरून. तासभर भाषणं झाली. हात वर करायची वेळ आली तेव्हा मागून ही बाई उठली. नवरा नव्हता, पदरात दोन मुलं, गोठ्यात सात-आठ शेळ्या. ती म्हणाली, "डोंगर बंद करा, माझी ना न्हाई. पर माझ्या शेळ्यांनी तीन वरसं काय खायचं, त्येबी त्याच कागदात लिवा." सभेत कुणी तिला त्याग शिकवायला धजलं नाही. तिनं पुढे हिशेबच मांडला. शेळी दोन वर्षांत तीनदा विते, बहुतेक वेळा जुळी करडं. एक पाट, म्हणजे मादी करडू, घरात ठेवायची, बोकड बाजाराला. मुलाची वह्या-पुस्तकं एका बोकडात, दवाखाना एका बोकडात, दिवाळी एका बोकडात. तिच्या घरात बँकेच्या खात्याचं काम त्या शेळ्या करत होत्या, आणि आपण तिला सांगत होतो की तीन वर्षं पैसे काढू नका.

तिच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती, जी आमच्यासारख्या शिकलेल्या कार्यकर्त्यांच्याही पटकन ध्यानात येत नाही. चराईबंदीनंतर डोंगरावर पहिल्यांदा येतं ते गवत. सुरुवातीला कुसळी, मग हळूहळू मारवेल आणि पवन्यासारखी चांगली गवतं. ते कापून घरी न्यायला गाव परवानगी देतं, आणि सगळे समजतात की सगळ्यांची सोय झाली. पण शेळी ही मुळात गवतावर पोसणारी जात नाही. तिला पाला लागतो, शेंडे लागतात, हिंडत हिंडत दहा झुडपांना तोंड लावायला लागतं. गवताचा भारा गाईला आणि म्हशीला मानवतो. म्हणजे डोंगर ज्यानं सोडला त्याच्या जनावराला त्या डोंगराचं नवं उत्पन्न चालतच नाही. दावणीला संकरित गाय असलेल्या घराला ते आयतं मिळतं. "शेळ्या विका, गाय घ्या" हा सल्ला मग सहज दिला जातो. एका गाईच्या किमतीत किती शेळ्या येतात, गाईला रोज किती पाणी लागतं, आणि ती आजारी पडली तर भूमिहीन घर ती किंमत कुठून भरून काढणार, याचा हिशेब सल्ला देणाऱ्यानं केलेला नसतो.

यावर तोड आहे, आणि ती पूर्वीच निघालेली आहे. हरियाणात शिवालिकच्या पायथ्याला सुखोमाजरी नावाचं गाव आहे. चंदीगडचा सुखना तलाव 1958 मध्ये बांधला आणि काही वर्षांतच तो गाळानं भरू लागला. गाळ येतो कुठून याचा माग काढत मृद्संधारणातले शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा 1970 च्या दशकात या गावाच्या डोंगरापर्यंत पोहोचले. गाव गुज्जरांचं, गुरं-शेळ्या पाळणारं, डोंगर पार बोडका. चराई थांबवा असं नुसतं सांगून कुणी थांबेना, आणि का थांबावं? चंदीगडच्या तलावासाठी सुखोमाजरीनं उपाशी का राहावं? मग तिथे लहान मातीचे बांध घालून पावसाचं पाणी अडवलं गेलं, ते शेताला मिळालं, गहू हाती लागला. पाणी दिसल्यावर डोंगर राखण्याची गोष्ट लोकांना पटली. पण त्यातही एक अडचण होती. ज्यांना जमीनच नाही त्यांनी गुरं का आवरावीत? त्यावर गावानं ठरवलं की बांधाच्या पाण्यावर प्रत्येक घराचा सारखा हक्क. जमीन असो वा नसो. भूमिहीन घरानं आपला वाटा दुसऱ्याला विकावा. या एका निर्णयानं डोंगराला कुंपण घातलं, तारेचं नव्हे तर माणसांचं. पुढे शेळ्या कमी होऊन म्हशी वाढल्या, डोंगरावरचं भाबर गवत विकून गावाच्या संस्थेकडे पैसा येऊ लागला. सुखोमाजरीच्या नंतरच्या वाटचालीत अडचणी आल्या, त्या वेगळ्या. मला इथे दाखवायचा आहे तो क्रम: आधी पाणी, मग त्यात सर्वांचा वाटा, आणि त्यानंतर चराईबंदी.

आपल्याकडे पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर जी पाणी पंचायत उभी केली, ती याहून एक पाऊल पुढे होती असं मला वाटतं. साळुंखे पुण्यातले अभियंते-उद्योजक. दुष्काळात खडी फोडणारे शेतकरी पाहून ते या कामाकडे वळले. पाणी पंचायतीचे नियम आज वाचले तरी अंगावर काटा येतो, इतके ते सरळ आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ऊस घ्यायचा नाही. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जात नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः भरायचा.

या नियमांत त्याग कोण करतंय ते पाहा. वीस एकरवाला साडेसतरा एकरांचं पाणी सोडतोय. ऊस लावू शकणारा ऊस सोडतोय. ज्याच्याकडे काही नव्हतं त्याला पहिल्यांदा काही मिळतंय. गावात त्यागाची भाषा करायची तर ती अशी करावी. यातल्या काही योजना पुढे बंद पडल्या, हेही सांगायला हवं. ऊस घेणारा शेजारी डोळ्यांसमोर श्रीमंत होत असताना अडीच एकरांच्या पाण्यावर समाधान मानणं फार अवघड असतं, आणि आजूबाजूच्या शिवारात नियम नसेल तर एकट्या गावाचा नियम रोज झिजतो. तरीही समन्यायी पाणीवाटपाची जी चळवळ पुढे सांगली-साताऱ्यात वाढली, तिच्या बोलण्यात हीच माणशी पाण्याची कल्पना आहे. खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, त्यातही भूमिहीनांचा पाण्यावरचा हक्क मान्य केलेला होता.

हिवरे बाजारचं नाव तुमच्या पत्रात दोनदा आलंय. तिथलं उदाहरण देताना लोक नेहमी नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री सांगतात. ती खरीच आहे. 1990 च्या आसपास पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे आदर्श गाव योजनेत गावाची निवड झाली, तेव्हापासून गावानं ती पाळली. पण माझ्या मते त्या गावाचं मोठेपण तिच्यापुढच्या निर्णयांत आहे. शेतीसाठी बोअरवेल नको. ऊस नको, केळी नको. दरवर्षी पाऊस संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि तो पाहून रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. पाऊस कमी झाला तर पेरा कमी. हे निर्णय पाणी असलेल्यांना बांधतात. बोअर मारायची ऐपत कुणाची असते? ऊस कोण लावू शकतो? गावोगावचे सरपंच हिवरे बाजार पाहून येतात आणि आल्या आल्या चराईबंदीचा ठराव करतात. बोअरबंदीचा ठराव "पुढच्या टप्प्यात" ठेवतात. तो पुढचा टप्पा फार थोड्या गावांत आलेला मी पाहिला. डोंगरामुळे विहिरींना पाणी वाढतं, वाढलेल्या पाण्यावर नवी बोअर आणि नवा ऊस उभा राहतो, आणि दोन कमी पावसाच्या वर्षांत गाव पुन्हा टँकरवर येतं. शेळ्यावाल्या बाईनं तीन वर्षं सोसलेलं असं कुणाच्या तरी उसात जातं. या कामातलं मला सगळ्यांत जास्त टोचणारं हेच आहे.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं आहे की दोन्ही ठराव एकाच सभेत, एकाच कागदावर घ्या. चराईबंदीला मत मागताना बोअरबंदीलाही तिथेच मत मागा. बागायतदार मंडळी तयार होणार नाहीत असं तुम्हाला वाटेल. काही ठिकाणी नाहीच होत. पण त्यांना एक गोष्ट शांतपणे समजावता येते, आणि ती भीती घालण्यासाठी सांगायची नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगायची. डोंगर शेळ्यावाल्यांच्या मर्जीवर राखला जातो. दोन राखणदार ठेवून शे-दोनशे हेक्टर कुणी राखू शकत नाही. मनातून न पटलेला माणूस रात्री कळप आत घालतो, आणि एका रात्रीत दोन वर्षांची रोपं शेंड्यासकट जातात. तेव्हा डोंगर राखणारे आणि विहीर भरून घेणारे हे एकमेकांचे भागीदार आहेत. भागीदारीत एकानंच भांडवल घालायचं आणि दुसऱ्यानंच नफा घ्यायचा, ही रीत व्यापारातसुद्धा चालत नाही.

श्रमदानाबद्दलही दोन शब्द. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत 2016 पासून काही वर्षं गावंच्या गावं 45 दिवस पहाटे टिकाव-घमेली घेऊन माळावर उतरली. ते दृश्य मी कधी विसरणार नाही. माणसं एकत्र आली की किती काम होतं, हे त्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं. तरी श्रमदानातही सगळ्यांचा दिवस सारखा नसतो. नोकरदाराचा तो रविवार असतो, खातेदाराच्या शेतात उन्हाळ्यात तसंही काम नसतं, आणि मजुराची मात्र त्या दिवसाची चूल असते. मी ज्या गावांत काम केलं तिथे शक्यतो असं ठरवून घेत आलो: घरटी थोडं श्रमदान सगळ्यांचं, त्यावरचं श्रमदान जमिनीच्या एकरावर. ज्याची विहीर चराच्या खाली येते त्यानं जास्त दिवस द्यायचे, स्वतः किंवा मजूर लावून. आणि मजुरीची कामं, म्हणजे चर, दगडी बांध, खड्डे, ही रोजगार हमीतून आधी शेळ्यावाल्या आणि भूमिहीन घरांना. डोंगर बंद झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत त्यांच्या हातात रोख पैसा आला पाहिजे. पाण्याचा फायदा तोवर दिसत नाही.

हा काळाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि चर्चेत तो हटकून राहून जातो. गवत पहिल्याच पावसाळ्यात दिसतं. विहिरीची पातळी बऱ्यापैकी पाऊस झाला तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फरक दाखवते. झाडं उभी राहायला त्याहून कितीतरी जास्त वर्षं. ज्याच्या कणगीत वर्षाचं धान्य आहे तो तीन वर्षं थांबू शकतो. ज्याच्या घरात आठवड्याच्या बाजारावर चूल पेटते, त्याला तीन महिनेही थांबता येत नाही. त्याला "थोडं सोसा" म्हणणं म्हणजे त्यानं कर्ज काढावं असं सांगणं आहे. सावकाराच्या दारात गेलेलं घर पुढे विहिरींना कितीही पाणी आलं तरी सहसा वर येत नाही.

याच जागी मला कोयनेची आठवण होते. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात आणि त्या विजेवर राज्याचे कारखाने चालले, हे खरंच आहे. धरण 1960 च्या दशकात उभं राहिलं. खोऱ्यातल्या गावांना देशासाठी त्याग करा असं सांगितलं गेलं आणि लोकांनी तो केला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा झाला 1976 साली, म्हणजे गावं पाण्याखाली गेल्यावर कितीतरी वर्षांनी. सातारा, सांगली, सोलापूरपासून रायगड, ठाण्यापर्यंत पांगलेल्या त्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या जमिनीच्या हक्कासाठी आंदोलनं करत राहिल्या. धरण बांधायलाच नको होतं, असं मी म्हणत नाही. पण ज्यांचं घेतलं त्यांना द्यायचं काय, हे घेण्याच्या आधी कागदावर आलं नाही, आणि एकदा घेऊन झाल्यावर देणाऱ्याला घाई राहत नाही. तुमचा डोंगर कोयनेच्या मानानं काहीच नाही. पण सात शेळ्यांच्या घराला त्याचा अर्थ तितकाच मोठा आहे.

आता तुमच्या ठरावाचं प्रत्यक्ष.

सगळा डोंगर एकदम बंद करू नका. त्याचे तीन भाग पाडा. माथ्याचा, सगळ्यांत जास्त झिजलेला भाग आधी बंद करा, तिथे चर आणि गवताचं बी टाका. बाकीचे दोन भाग सुरू ठेवा. पहिला भाग सावरला की दुसरा. काम लांबतं, निधीच्या मुदतीशी ओढाताण होते, अधिकारी कुरकुरतात, पण कळपाला चरायला जागा राहते आणि लोकांना आपल्या डोळ्यांनी फरक दिसतो. डोंगर वनखात्याचा असेल तर त्यांच्याशी संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत आधी बोलून घ्या, नाहीतर गवत गावानं राखायचं आणि कापायच्या वेळी परवानगीचा प्रश्न उभा राहायचा.

शेळ्यांसाठी पाल्याची सोय बंदीच्या एक पावसाळा आधी करा. बांधांवर, ओढ्याकडेला शेवरी, हादगा, सुबाभूळ लावता येते. अंजनाची झाडं जुनी असतील तर छाटणी करून पाला मिळतो. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा करून ठेवता येतात. ज्यांना जमीन नाही त्यांच्या पाल्यासाठी गायरानातला एक तुकडा त्यांच्याच गटाच्या नावे राखून द्या. बागायतदारांनी बांधावरच्या शेवरीचा पाला त्या घरांना मोफत द्यायचा, हेही ठरवून घ्या. हे छोटं वाटतं. पण दर आठवड्याला एकाच्या बांधावरून दुसऱ्याच्या गोठ्यात पाला जातो तेव्हा सगळ्या गावाला आठवण राहते की डोंगर कुणामुळे हिरवा आहे.

डोंगरावरच्या गवताचा लिलाव करू नका. लिलावात गवत पैसेवाल्याकडे जातं. आधी हक्क डोंगर सोडलेल्या घरांना द्या, तेही नाममात्र दरात. ती घरं ते कापून गाईवाल्यांना विकतील. शेळीला नाही चाललं तरी त्याचे पैसे त्यांना चालतील. गावतळ्यात मासे सोडायचे असतील तर तो मक्ताही याच घरांच्या गटाला द्या. राखणदार त्यांच्यातलाच नेमा, पगारासह. आणि बाहेरून येणाऱ्या मेंढपाळांना विसरू नका. त्यांचे कळप ठरावीक महिन्यांत तुमच्या शिवारातून जातात, तुमच्या शेतांत बसतात, खत देऊन जातात. त्यांच्या वाटेची पट्टी मोकळी ठेवा आणि पाणवठा दाखवून द्या. ते ग्रामसभेचे मतदार नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं कुणी मांडत नाही. तुम्ही मांडा.

सरपणासाठी कुऱ्हाडबंदी करताना वाळकी लाकडं, काटक्या गोळा करायला मोकळीक ठेवा. गॅसची टाकी बहुतेक घरांत असते, पण ती भरून आणायला दर वेळी पैसा असतोच असं नाही.

ठरावात तारखा घाला. कुठला भाग कधी बंद होईल, कधी उघडेल, कोणाला काय मिळेल आणि ते न मिळाल्यास बंदीचं काय होईल. हे शेवटचं वाक्य फार कमी ठरावांत असतं. "पाल्याची आणि कामाची सोय झाली नाही तर चराईबंदी लागू होणार नाही" असं स्पष्ट लिहिलं की सगळ्यांना घाई होते. बोअरबंदी, ऊसबंदी आणि पाण्याच्या ताळेबंदाची कलमं त्याच पानावर, त्याच सह्यांच्या वर यायला हवीत. दंड ठेवायचा तर शेळी आत सापडल्याचा दंड आणि चोरून बोअर मारल्याचा दंड यांत ऐपतीप्रमाणे फरक ठेवा. शेळीला शंभर रुपये आणि बोअरला पाचशे असा दंड मी पाहिलाय. बोअरवाल्याला पाचशे म्हणजे गाडीच्या डिझेलचाही खर्च नाही.

मसुदा तयार झाला की तो ग्रामसभेच्या आठ दिवस आधी शेळ्यावाल्या वस्तीवर जाऊन मोठ्यानं वाचून दाखवा. तिथे जे बदल सुचतील ते समासात लिहून घ्या आणि सभेत तो समासही वाचा. आणि सभा दिवे लागल्यावर ठेवा. सकाळी अकराची वेळ दिली तर ती माणसं तेव्हा डोंगरावर असतात.